अंगठा उमटला नाही म्हणून हक्क बुडत नाही: बोट, डोळा आणि चेहरा ओळखणारी मशीन समजून घेऊया



बंदीचे ६१ दिवस सरत आले. ट्रॉलर जेटीला बांधलेत, होड्या वर काढल्यात, जाळ्यांची दुरुस्ती चालू आहे. १ ऑगस्टला दर्या खुला झाला की कोणाला फुरसत मिळणार नाही. म्हणून आजचा पाठ आत्ताच देतो. निवांत वाचा आणि घरातल्या मोठ्या माणसांना वाचून दाखवा.

विषय आहे हाताच्या बोटाचा. (आपल्याकडे बोट म्हटलं की आधी पाण्यातली आठवते, म्हणून आज पाण्यातलीला होडी किंवा ट्रॉलर म्हणू.)

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक मावशी आल्या. तीसेक वर्षं मासळी विकली, कोळंबी सोलली. रेशन दुकानात मशीनवर पाच वेळा अंगठा ठेवला, पाचही वेळा "जुळत नाही" असं आलं. दुकानदार म्हणाला, पुढच्या महिन्यात या. मावशी आम्हाला म्हणाल्या, "अरे बाबांनो, हात कामानं झिजले माझे. म्हणून मी मी नाही काय?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला तेव्हा नीट देता आलं नाही. मग आम्ही बसलो, माहिती काढली, जाणत्यांना विचारलं. जे समजलं ते इथे मांडतो.

मशीन नेमकं बघतं काय?

बोटाच्या टोकावर बारीक रेघा असतात. त्या आईच्या पोटातच तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात. जुळ्या भावांच्यासुद्धा सारख्या नसतात. मशीन सगळा ठसा फोटोसारखा ताडून बघत नाही. रेघ कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, अशा खुणा ते टिपतं. त्या खुणांच्या जागा आकड्यांत मांडून नोंदीशी जुळवतं. पुरेशा खुणा जुळल्या तर "हो", नाहीतर "नाही".

डोळ्यात मधल्या काळ्या बाहुलीभोवती जी रंगीत कडी असते, तिच्यातली नक्षी मशीन बघतं. त्यासाठी डोळ्याचा फोटो काढला जातो. तो डोळ्यात काही सोडत नाही, दृष्टी जात नाही, घाबरू नका. चेहऱ्याच्या ओळखीत डोळे, नाक, हनुवटी यांची ठेवण पाहिली जाते, आणि समोर जिवंत माणूस आहे की फोटो, हे कळावं म्हणून पापणी मिटायला सांगतात.

शरीरावरच्या अशा खुणांनी माणूस ओळखणं, यालाच बायोमेट्रिक म्हणतात. हे काही कालचं नाही, आणि सगळं बाहेरून आलेलंही नाही. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या करारनाम्यावर सहीच्या जोडीला त्याच्या हाताचा ठसा घेतला होता. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं. ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या देशातल्या दोघांचा मोठा वाटा होता. आणि देशातलं पहिलं आधार दिलं गेलं ते २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात.

"हा कोण?" आणि "हा तोच का?"

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यातला फरक समजला की अर्धं काम झालं.

समजा, समुद्रात एक होडी वाहून आली. आत कोणी नाही, नंबर पुसलेला. ती कोणाची हे शोधायचं तर सगळ्या नोंदी चाळाव्या लागतील. हा झाला पहिला प्रश्न: "ही कोणाची?"

आता समजा, एक जण जेटीवर आला आणि म्हणाला, "हा माझा ट्रॉलर, हा त्याचा नोंदणी नंबर." तुम्ही त्या एकाच नंबरची नोंद काढता आणि जुळवता. हा दुसरा प्रश्न: "ही याचीच का?"

आधार काढताना पहिला प्रश्न विचारला जातो. दहा बोटं, दोन डोळे आणि चेहरा घेऊन, हा माणूस आधीच नोंदलेला आहे का हे सगळ्या नोंदींत शोधतात, म्हणजे एकाला दोन नंबर मिळू नयेत. रेशन दुकानात मात्र दुसरा प्रश्न असतो. तुमचा नंबर तुम्ही दिलेलाच आहे. मशीन फक्त त्या एका नोंदीशी बोट जुळवतं.

म्हणून "जुळत नाही" असं आलं म्हणजे तुमचं नाव कापलं किंवा तुम्ही खोटे ठरलात, असं अजिबात नाही. त्या क्षणी, त्या काचेवर, त्या बोटाच्या पुरेशा खुणा सापडल्या नाहीत, इतकाच त्याचा अर्थ.

चूक का होते? जाळ्याची आस आठवा

जाळ्याची आस किती ठेवायची यावर काय अडकणार आणि काय निसटणार हे ठरतं. मशीनचंही तसंच. किती खुणा जुळल्या की "हो" म्हणायचं, हे कोणीतरी ठरवलेलं असतं. आस मोठी ठेवली तर परका माणूसही त्यातून पार होतो. बारीक ठेवली तर आपलाच माणूस अडकतो. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत. एक कमी केली की दुसरी वाढते. कोणतंही मशीन असो, कितीही महागडं असो, हा हिशेब सुटत नाही.

आणि अडकणाऱ्यांत आपली माणसं जास्त का? आपल्या कामाकडेच बघा. रापण ओढताना दोर हातातून घासत जातो. बर्फात आणि खाऱ्या पाण्यात हात तासन्‌तास असतात. खवले काढताना, काटे टोचून, कोळंबी सोलून कातडी निघते. रेघांची उंची झिजली की काचेवर ठसा सपाट येतो. हात भिजून सुरकुतले की रेघा वाकड्या उमटतात. हात कोरडे पडून भेगा पडल्या की भेगेलाच मशीन रेघ समजतं. वय वाढलं की कातडी सैल होते, त्याची भर वेगळीच. शेतमजूर, गवंडी, धुणी-भांडी करणाऱ्या बाया यांचंही हेच होतं.

यात चांगली गोष्ट अशी की रेघांचं मूळ कातडीच्या खालच्या थरात असतं. वरची झीज भरून आली की तीच नक्षी परत वर येते. खोल जखमेचा व्रण राहिला तरच कायमचा फरक पडतो. म्हणून तर आम्ही हा पाठ बंदीच्या दिवसांत देतोय. आत्ता हात जरा सावरलेले आहेत. बोटांचे ठसे पुन्हा नोंदवायचे असतील तर ऑगस्टच्या आत आधार केंद्रावर जाऊन या. ऐन हंगामात, जाळी ओढून आलेल्या हातांनी नोंदवलेला ठसा वर्षभर त्रास देतो.

मशीनवर बोट ठेवण्याआधी

१. जेटीवरून थेट जाऊ नका. गोड्या पाण्याने साबण लावून हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा.

२. हात भेगाळले असतील तर आदल्या रात्री खोबरेल तेल लावा. सकाळी धुऊन टाका. तेलकट बोट काचेवर चालत नाही.

३. काच पुसून घ्यायला सांगा. आधीच्या माणसाचा डाग तुमच्या ठशात मिसळतो.

४. बोट सपाट आणि मधोमध ठेवा. जोरात दाबलं की रेघा पसरतात.

५. अंगठाच हवा असं नाही. दहा बोटांतलं कोणतंही चालतं. अनामिका आणि करंगळी कामात कमी झिजतात, त्या करून बघा. वर सांगितलेल्या मावशींची डाव्या हाताची अनामिका पहिल्याच फटक्यात जुळली! आता त्यांना ते बोट पाठ आहे. तुमचं कोणतं बोट चालतं ते घरात प्रत्येकाने एकदा बघून लक्षात ठेवा.

तरीही नाही जुळलं तर?

इथे बोलायला शिकायचं. "पुढच्या महिन्यात या" हे उत्तर नाही.

आधार चालवणाऱ्या प्राधिकरणाने, म्हणजे युआयडीएआयने, ऑक्टोबर २०१७ मध्येच सगळ्यांना कळवलेलं आहे: बोट जुळलं नाही तर डोळा किंवा मोबाइलवर येणारा ओटीपी वापरून बघा, तेही झालं नाही तर कार्ड बघून, वहीत नोंद करून लाभ द्या. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधारचा कायदा बहुमताने कायम ठेवला, पण ओळख जुळली नाही एवढ्या कारणावरून गरजूचा लाभ तोडू नये, ही बाब त्या निकालातही आली. तेव्हा दुकानात शांतपणे, पण ठामपणे सांगा: "ओटीपीवर करा. नाहीतर कार्ड बघून वहीत लिहा." ऐकत नसतील तर तालुक्याच्या पुरवठा कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. अर्ज लिहायला आम्ही आहोत.

ओटीपीची एक मेख आहे. मावशींचा ओटीपी जात होता तो मुलाच्या जुन्या नंबरवर. मुलगा जहाजावर, आणि नंबर बंद होऊन चार वर्षं झालेली! आपल्या कितीतरी घरांत हीच गत आहे. आधारला आज कोणता नंबर जोडलेला आहे ते आजच तपासा. आधार केंद्रावर तो बदलून मिळतो.

ज्यांची बोटं विंचमध्ये किंवा दोरात सापडून गेली, त्यांच्यासाठीही सांगतो. बोटं नसली तर डोळ्यांवर आधार निघतं, डोळे नसले तर बोटांवर निघतं, आणि दोन्ही नसली तरीही नोंदणी करावीच लागते. "तुमचं होणार नाही" असं कोणी म्हणालं तर ते चुकीचं आहे.

पेन्शन घेणाऱ्यांना दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. जीवन प्रमाण नावाची ऑनलाइन सोय २०१४ पासून आहे, आणि नोव्हेंबर २०२१ पासून त्यात मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवूनही दाखला काढता येतो. बोटांनी दगा दिलेल्या आपल्या म्हाताऱ्या माणसांना याचा मोठा उपयोग आहे. तुमच्या पेन्शनच्या कार्यालयात हा दाखला चालतो का, तेवढं आधी विचारून घ्या.

समुद्रावरची ओळख

२६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातून आले, आणि त्यांनी पोरबंदरचा 'कुबेर' हा मच्छीमारी ट्रॉलर पळवला होता. त्यानंतर समुद्रात कोण मच्छीमार आणि कोण नाही, हा प्रश्न सगळ्या किनाऱ्यापुढे उभा राहिला. २००९ मध्ये किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्र देण्याची केंद्राची योजना आली. आपल्यातल्या पुष्कळांकडे ते चिपवालं कार्ड अजून पेटीत असेल. आता क्यूआर कोड असलेलं आधार कार्ड बरोबर ठेवायला सांगतात. प्लास्टिकचं करून घ्या, कागदाचं पाण्यात टिकत नाही.

ट्रॉलर मालकांना इथे दोन शब्द. खलाशी ओडिशाचे, झारखंडचे, कर्नाटकचे असतात. हंगाम सुरू होताना त्यांच्या आधारच्या झेरॉक्स गोळा होतात. झेरॉक्सवर नाव कोणाचंही छापता येतं, तेव्हा नुसत्या कागदावर विसंबू नका. कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत ॲपने स्कॅन करा. आतली माहिती कार्डाशी जुळते का बघा आणि फोटो समोरच्या माणसाशी जुळवा. दोन मिनिटांचं काम. उद्या समुद्रात काही बरंवाईट झालं तर त्याच्या घरी कळवायला खरं नाव, खरा पत्ता हाताशी पाहिजे. आणि त्या झेरॉक्स केबिनमध्ये खिळ्याला टांगून ठेवू नका. खलाशाची ओळख तुमच्याकडे ठेव म्हणून आहे. त्यालाही सांगा की शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार निघतं. जिथे पूर्ण नंबर लागत नाही तिथे तेच द्यावं.

बोट हा पिन नव्हे

आता धोक्याची बाजू.

एटीएमचा पिन फुटला तर बदलता येतो. बोट बदलता येत नाही. शिवाय पिन आपण मनात ठेवतो, बोटाचा ठसा मात्र आपण दिवसभर ग्लासावर, काचेवर, कागदावर सोडत फिरतो. म्हणजे बोट ही आपली खूण आहे, पण ते गुपित नाही.

गावात एजंटकडे छोट्या मशीनवर अंगठा लावून बँकेतले पैसे काढता येतात. त्याला आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट, एवढंच लागतं. ओटीपी लागत नाही. बँक लांब असलेल्यांना ही मोठी सोय आहे, आणि चोरांचीही नजर तिच्यावरच आहे. जमिनीच्या खरेदीखतावर उमटवलेल्या अंगठ्यावरून रबरासारखा खोटा ठसा बनवून पैसे काढल्याचे प्रकार देशात झाले आहेत. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या कागदांवरचे ठसे उचलून हजारो सिम चालू केल्याचं उघड झालं होतं. बोट खरं आहे की नकली, हे ओळखणारी नवी तपासणी २०२३ मध्ये आणली गेली. तरी सावधपणा आपलाच.

काय करायचं?

एक, बायोमेट्रिकला कुलूप लावा. आधारच्या वेबसाइटवर किंवा अधिकृत ॲपमध्ये ही सोय आहे. कुलूप असताना तुमच्या बोटाने, डोळ्याने, चेहऱ्याने कोणीच व्यवहार करू शकत नाही. ओटीपी मात्र चालतो. गरज पडली की थोड्या वेळापुरतं उघडता येतं. पण हे नीट ऐका: कुलूप लावलेलं असेल तर रेशन दुकानातही अंगठा चालणार नाही. दर महिन्याला अंगठा लागत असेल आणि घरात मोबाइल हाताळणारं कोणी नसेल, तर आधी आमच्याशी बोला. कुलूप कोणी लावलं हे विसरून नंतर दुकानदाराशी भांडण व्हायला नको.

दोन, अंगठ्याने पैसे काढायची सोय लागत नसेल तर ती आपल्या खात्यावर बंद करता येते का, ते बँकेत विचारा.

तीन, एजंट म्हणाला "लागला नाही, परत ठेवा", तर आधी मोबाइलवर बँकेचा मेसेज आला का बघा. पावती घेतल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट ठेवू नका. "सर्व्हे आहे", "योजनेची नोंदणी आहे" म्हणून जेटीवर मशीन घेऊन कोणी आलं, तर बोट देण्याआधी सोसायटीला फोन करा.

चार, न सांगता पैसे गेले तर त्याच दिवशी १९३० वर फोन करा आणि बँकेत लेखी तक्रार द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. उशीर केला की हा हक्क सैल होत जातो. आधारच्या बाकी तक्रारींसाठी नंबर १९४७.

मोबाइल उघडायला बोट लावता त्याची काळजी नको. तो ठसा साधारणपणे फोनच्या आतच राहतो, आधारकडे जात नाही. दोन्हीचा संबंध नाही.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर

मशीन फक्त काचेवर काय उमटलं ते सांगतं. माणूस कोण आहे हे ठरवायला डोळा आहे, चेहरा आहे, मोबाइल आहे, कार्ड आहे, आणि शेवटी वही आहे. एका नांगरावर आपण होडी वादळात सोडत नाही. ओळखीचंही तसंच ठेवा, एक तुटला तर दुसरा धरेल.

म्हणून बंदी उठायच्या आत घरातल्या प्रत्येकाची ही पाच कामं करून टाका: चालणारं बोट शोधणं, झिजलेले ठसे पुन्हा नोंदवणं, मोबाइल नंबर तपासणं, कार्ड प्लास्टिकचं करणं, आणि ज्यांना जमेल त्यांनी कुलूप लावणं. ज्यांना केंद्रावर एकटं जायला जमत नाही त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात नाव द्या, आम्ही सोबत येऊ. मावशींचं रेशन त्या महिन्यात मिळालं. तुमच्या गल्लीत असा रिकाम्या पिशवीने परत आलेला कोणी असेल तर त्याच्यापर्यंत हे पोचवा.

दर्या सगळ्यांना सांभाळून घेवो.